नामदेव सरांची चित्रशाळा

आमच्या चित्रशाळेच्या दारात काळ्या रंगाची जप्ती व्हायची. नवा विद्यार्थी आला की नामदेव सर आधी त्याची रंगपेटी उघडायचे, काळी ट्यूब काढून स्वतःच्या खिशात टाकायचे आणि मगच नाव विचारायचे. त्यांचं म्हणणं असं, की जगात काळं काही नसतंच. माणूस बघायचा कंटाळा करतो आणि काळं फासून मोकळा होतो. "म्हशीकडं नीट बघ," ते सांगायचे. "निळी हाय, तांबडी हाय, जांभळी हाय. काळी कुठाय?" मग पोरं लोकांच्या गोठ्यात जाऊन तासन्‌तास म्हशीकडे बघत बसायची आणि म्हशींचे मालक तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे. मी तिथे अक्षरलेखन शिकवायचो. सरांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तक्रारी माझ्याकडे.

सरांनी शाळा काढली ती वारूळवाडीत, द्राक्षांवर मारायच्या औषधांच्या गोडाऊनमागच्या एका खोलीत. बसायला टोमॅटोचे क्रेट, बोर्ड टेकवायला बागेतले मोडके बांबू. औषधाच्या वासानं मुलांची डोकी दुखायची. सर म्हणायचे, बरं झालं, डोकं हाय हे तरी कळलं. पुढे एका संस्थेनं हात दिला. सरकारी मान्यता आली, दोन मजली इमारत झाली, डिंगोऱ्यापासून येडगावपर्यंतची मुलं यायला लागली. आमच्याकडे शिकलेली पोरं गावोगावच्या हायस्कुलांत ड्रॉइंगचे मास्तर झाली. एका वर्षी तर शिल्पाचा वर्ग व्हरांड्यात भरवायची पाळी आली.

त्याच वर्षी येडगावच्या धरणावर निसर्गचित्राची सहल नेली होती. एका मुलाचं चित्र लांबून बघायला म्हणून सर मागे मागे सरकत गेले आणि धरणात पडले. आम्ही ओढून बाहेर काढलं तेव्हा चष्मा गेला होता, कपड्यांतून पाणी गळत होतं, आणि ते त्या मुलाला सांगत होते, "पानी तू काढलंय तेवढं हिरवं न्हाई. मी आत जाऊन आलोय."

मग फ्लेक्स आला आणि माझी अक्षरं दोन-तीन वर्षांत निकामी झाली. हायस्कुलातले ड्रॉइंगचे मास्तर निवृत्त व्हायला लागले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. नोकरी नाही म्हटल्यावर मुलं कशाला येतील? शिल्पाच्या वर्गाची अडगळीची खोली झाली. वरचा मजला संस्थेनं कंप्युटर टायपिंगच्या क्लासला दिला. वरून खटखट सुरू झाली की सर म्हणायचे, "गारा पडत्यात."

गेल्या वर्षी पटावर एकच नाव उरलं, डिंगोऱ्याची सोनाली. तिचे वडील दुधाचा टेम्पो चालवतात. संस्थेनं आम्हाला बजावलं होतं, की पुढच्या महिन्यात तपासणी आहे, पटावर एक जरी विद्यार्थी दिसला तरी मान्यता आणखी वर्षभर टिकेल. तेव्हा पोरीला सांभाळा.

त्याच आठवड्यात शाळेच्या पत्त्यावर तिच्या नावानं पत्र आलं. पुण्याच्या एका कला महाविद्यालयात तिचा नंबर लागला होता. तिनं अर्ज केल्याचं आम्हाला सांगितलंच नव्हतं. प्रवेशाची मुदत चार दिवसांची होती.

मी सरांना म्हणालो की तपासणी होऊ द्या, पत्र नंतर देऊ. हे मी म्हणालो, हे मला आजही नाकारता येत नाही.

सरांनी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, "ती आपल्यापेक्षा चांगलं बघती, राव. शाळा तिच्यासाठी काढली व्हती. आता तिला शाळेसाठी ठेवायची व्हय?"

ते त्याच दुपारी डिंगोऱ्याला गेले. वडील एकट्या पोरीला पुण्याला धाडायला तयार नव्हते. सर त्यांच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले, तेव्हा कुठे होकार मिळाला. दोन दिवसांनी सकाळी नारायणगावच्या स्टँडवर आम्ही तिला एसटीत बसवलं. "सर, शाळेचं काय?" तिनं खिडकीतून विचारलं. सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. "उजवीकडं बस," ते म्हणाले. "डावीकडनं डोळ्यावर ऊन यील."

तपासणी झाली. पट कोरा होता. मान्यता गेली, आणि महिनाअखेर खालच्या खोल्याही रिकाम्या करून द्यायचं ठरलं.

शेवटच्या सोमवारी मी माझे ब्रश आणायला गेलो. व्यक्तिचित्राच्या वर्गात सर इस्त्रीचा शर्ट घालून बोर्डासमोर बसले होते. कागद लावलेला, पेन्सिल टोक करून हातात. समोरच्या मॉडेलच्या स्टुलावर कुणी नव्हतं. मला बघून म्हणाले, "बसता का जरा?"

मी बसलो. मान सरळ ठेवली, नजर खिडकीवर लावली. अर्धा तास झाला, मान अवघडली, पण पेन्सिलीचा आवाज काही येईना. शेवटी मी न हलता विचारलं, "सर, सुरुवात केली का?"

"न्हाई," सर म्हणाले. "बसा वो तुमी. समोर कुणी असलं का बरं वाटतं."

मी ब्रशांची पिशवी खाली ठेवली आणि बसून राहिलो.