आधी बातमी, मग गोड

वझेकाकांच्या हातात गोडाची वाटी ठेवून बघा. माणूस वाटीकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो. "काय झालंय? आधी बातमी, मग गोड!" मुलगा पास झाला, स्कूटर घेतली, काहीतरी सांगावंच लागतं. एकदा आमच्या हिने सहज म्हणून शिरा पाठवला, तर काकांनी एसटीडी बूथ गाठून पुण्याच्या झाडून सगळ्या नातेवाइकांची खुशाली विचारली.

काकांची अख्खी नोकरी नौदलात, पाणबुडीवर झाली. निवृत्तीनंतर गाझियाबादला आमच्या नव्या सोसायटीत शेजारी आले. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पण प्रत्येक दारातून वाकूनच आत येणार आणि आल्याबरोबर दार घट्ट लावणार. नळाला पाणी नसलं की आम्ही बिल्डरच्या नावाने ठणाणा करतो. काका एका मगात अंघोळ उरकून वर म्हणतात, "अरे यार, ही तर ऐश आहे!"

त्या दिवशी काकूंचं हृदयाचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटलात काकांनी नुसता उच्छाद मांडला. डॉक्टर बिचारे आपुलकीने म्हणाले, "अंकल, चाय लेंगे?" काकांनी त्यांची बाहीच धरली. "पहले खबर बताइए!" शेवटी त्यांच्या मुलाने, अजितने, मला हात जोडले. "यांना घरी ने रे बाबा. मी फोन करतो."

आमच्या घरी आल्यावर त्यांचं मन रमावं म्हणून मी टीव्ही लावला. नव्यानेच घेतलेल्या केबलवर नेमका पाणबुडीतला विनोदी सिनेमा चालू होता. कॅप्टन पाइपावर डोकं आपटतोय, खलाशी एकमेकांच्या अंगावर कोसळताहेत, आचाऱ्याचं सूप कॅप्टनच्या टोपीत. काका खवळले. "ह्या गाढवाला पाणबुडीत घेतला कुणी? अरे, दार लाव, दार!" पण थोड्याच वेळात तेही पोट धरून हसायला लागले.

मग सिनेमातल्या कॅप्टनने एका वेंधळ्या खलाशाला स्वतःच्या ताटातलं पुडिंग दिलं. त्याच वेळी आमची ही गाजरहलवा घेऊन आली.

काकांचं हसू एकदम थांबलं.

"मलाही असंच मिळायचं," ते म्हणाले. "पाण्याखाली असताना घरची वाईट बातमी आली, तर कॅप्टन सांगत नाही. सांगून करणार काय? मधेच घरी थोडंच जाता येतं! आमचा साहेब मला रोज जवळ बसवायचा, स्वतःच्या वाटचा हलवा द्यायचा, पत्त्यांत मुद्दाम हरायचा. मला वाटलं, स्वारी कामावर खूष आहे. मी आपला मजेत खात होतो. बंदराला लागलो तेव्हा त्याने सांगितलं, आई गेली म्हणून. तिचं दहावं-बारावंसुद्धा उरकलं होतं रे."

तेवढ्यात फोन वाजला. अजितच होता. काका वाटी हातात धरून ताठ उभे राहिले.

मी ऐकलं आणि रिसीव्हर न ठेवताच ओरडलो, "काका, काकू शुद्धीवर आल्या! सगळं ठीक आहे. विचारताहेत, ह्यांनी गॅस बंद केलाय ना?"

"केलाय म्हणावं," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले.

त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायचंही भान नव्हतं. मग रिकामी वाटी त्यांनी हिच्यापुढे धरली.

"वाढ गं अजून. आता काही विचारत नाही."