एकतीस मैलांची रेल्वे आणि मिठाचा डबा

मर्ल व्हॅन्डरस्टीनला अभिमान एकाच गोष्टीचा होता, पण तो एकतीस मैल लांब होता. विटॉक गावापासून मोठ्या लाइनीच्या जंक्शनपर्यंत सव्वीस वर्षं मालगाडी हाकताना त्याने एकही डबा चुकीच्या दारात लावला नव्हता. हे तो चर्चमध्ये सांगे, न्हाव्याकडे सांगे. त्या जूनमधल्या शनिवारी सकाळी तर त्याने ते आर्डिस फ्लूगरबाईंना फोन करून, त्यांनी विचारलेलं नसताना सांगितलं!

बाईंचा खारवलेल्या काकड्यांचा कारखाना होता. त्यांचं मीठ आजवर ट्रकने यायचं. या खेपेला चाचणी म्हणून एक डबा त्यांनी रेल्वेने मागवला होता. जमलं तर दर आठवड्याला एक. न जमलं तर गावाकडचे शेवटचे बारा मैल रूळ भंगारात जाणार होते. मोठ्या रेल्वेने ही लाइन त्र्याऐंशी साली वाऱ्यावर सोडली, तेव्हा शेतकऱ्यांनी आणि गिरणीवाल्यांनी वर्गणी काढून ती विकत घेतली होती. चालतं इंजिन एक. दुसरं शेडमध्ये मरून पडलेलं, पहिल्याला अवयवदान करत. वेग ताशी दहा मैल. या गाडीमागे धावायचा कुत्र्यांनासुद्धा कंटाळा यायचा.

डबे जोडणं-सोडणं, कागदपत्रं आणि फोन, असं सगळं डार्लीन कोस्तका बघायची. जंक्शनवरून आणलेल्या डब्यांचे नंबर वाचून दाखवू का, असं तिने विचारलं. मर्ल म्हणाला, "मी डबे चेहऱ्यावरून ओळखतो."

त्यांतले दोन डबे अगदी सारखे करडे होते. एकात मीठ, दुसऱ्यात सोयाबीनची पेंड. मर्लने एक डबा पशुखाद्याच्या गिरणीत अगदी टोकाला लावला, त्याच्यापुढे मक्याचे तीन लावले आणि दुसरा डबा मोठ्या थाटात काकडीच्या कारखान्यात नेऊन सोडला.

गिरणीतला एल्रॉय डुफेक दर डब्यातली चिमूटभर पेंड जिभेवर ठेवून पाही. तासाभरात त्याचा फोन आला.

"मर्ल, पेंड खारट लागतेय."

मर्लने त्याला जीभ तपासून घ्यायचा सल्ला दिला. तेवढ्यात डार्लीनचा दुसरा फोन वाजला. काकडीच्या कारखान्यात मिठाच्या हौदात पिवळ्या पेंडेचा डोंगर झाला होता. बाई सकाळच्या फोनची आठवण काढत होत्या.

डार्लीन फावडं घेऊन हौद साफ करायला गेली. नंबरांवरून टोमणा मारला असता तर मर्लला बरं वाटलं असतं.

मिठाचा डबा काढायचा तर पुढचे तीन मक्याचे आधी ओढायला हवे होते. गिरणीतल्या एका माणसाला जोडाजोडीला घेऊन मर्लने चारही डबे एकदम बाहेर ओढले. वाटेत गावातलं एकमेव फाटक. गाडी नेमकी त्यावर आली आणि ब्रेकच्या हवेचा रबरी पाइप फाटला. फुस्स आवाज झाला, सगळी चाकं जागच्या जागी आवळली. गाव दोन तुकड्यांत!

त्या दिवशी गावाबाहेरच्या एका गोठ्यावर सगळ्या तालुक्याला न्याहारीचं आमंत्रण होतं. दोन्ही बाजूंना मोटारींच्या रांगा लागल्या. धिरड्यांच्या आशेने उपाशी निघालेली माणसं भोंगे वाजवू लागली. दुसरा पाइप होता शेडमधल्या मेलेल्या इंजिनावर. शेड फाटकापलीकडे दोन मैल, आणि मर्लची स्वतःची मोटार अलीकडे. तो दोन डब्यांच्या मधल्या पायरीवरून पलीकडे उतरला. रांगेतल्या पहिल्याच मोटारीत फ्लूगरबाई बसल्या होत्या.

मर्ल त्यांच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, डब्यांची अदलाबदल मी केली. दोष माझा एकट्याचा. नंबर वाचलाच नाही." मग तो म्हणाला, "आणि तुमची मोटार लागेल. शेडपर्यंत."

बाईंनी शेजारचं दार उघडलं. शेडमध्ये पाइप सोडवताना पाना तिरका धरतोस म्हणून त्या त्याला रागावल्या, तो हिसकावून घेतला आणि नट स्वतः ढिला केला. परतताना तेलकट पाइप त्यांच्या चांगल्या झग्यावर होता.

"मागच्या वर्षी माझा एक ट्रक हरवला होता," त्या म्हणाल्या. "तीन दिवस फोन होल्डवर धरून त्यावरची गाणी ऐकली मी. चूक कोणाची, ते अजून कळलेलं नाही. तू निदान समोर तरी आलास."

फाटकावर पोचताच मर्लने तो पाइप बसवला, हवा भरली, चाकं मोकळी झाली.

"मीठ दुपारपर्यंत मिळेल?" बाईंनी विचारलं.

"बारा वाजता. नंबर वाचून."

"मग पुढच्या शनिवारचाही एक लिहून घे."

मर्ल इंजिनात चढला तो जिना चढल्यासारखा नाही, सिंहासनावर चढल्यासारखा. गाडी हलली तशा दोन्ही रांगांमधून टाळ्या उठल्या. त्याचा ऊर भरून आला. त्याने टोपी काढून खिडकीतून कमरेत वाकून गावाला नमस्कार केला. सावकाश, दोनदा.

शेवटचा डबा फाटकावरून सरकला, आणि जरा वेळाने त्याने मागे वळून पाहिलं. फाटकावर चिटपाखरू नव्हतं. सगळा तालुका धिरड्यांच्या दिशेने सुसाट सुटला होता.