शनिवारच्या चुका

भाटकर सर दर शनिवारी उभे राहून स्वतःच्या चुका सांगायचे. न विचारता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्याकडे शिक्षकांची सभा असते. मुख्याध्यापक सूचना देतात आणि आम्ही घड्याळ बघतो, असं तिचं वर्षानुवर्षांचं स्वरूप. पाली गावाच्या आतल्या बाजूला, कातळावरची आमची शाळा. तिथे नवीन काही घडत नाही आणि घडू नये याची आम्ही काळजी घेतो. भाटकर सर मुख्याध्यापक होऊन आले, त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "या आठवड्यातल्या माझ्या चुका."

आम्हाला वाटलं, आमच्या.

"तीन आहेत. मंगळवारी नार्वेकर मॅडमचा तास मी दुसऱ्यांना दिला आणि मॅडमना सांगायला विसरलो. त्या वर्गापर्यंत जाऊन परत आल्या. बुधवारी प्रार्थना चालू असताना मी मोबाइल बघितला. मुलांना मात्र डोळे मिटायला लावतो. आणि काल सुर्वे सर मला काहीतरी सांगत होते, तेव्हा मी मान हलवत होतो, पण ऐकत नव्हतो." मग त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यांकडे पाहिलं. "आता तुमच्यापैकी कुणाची?"

वीज गेलेली होती, तरी सगळे पंख्याकडे बघत राहिले.

"बरं," सर म्हणाले. "चला, पाणी उपसून झालं." आणि ते सहामाही परीक्षेकडे वळले.

हे पाणी उपसणं काय, ते पुढे कधीतरी कळलं. सरांचे वडील मासे मारायला जायचे. सकाळी होडी लोटण्याआधी तळाला साचलेलं पाणी डबड्याने बाहेर काढायचं, हे काम लहानपणी सरांकडे असे. "पाणी रोज येतंच," ते म्हणायचे. "कुठून आलं, कुणामुळे आलं, असं विचारत बसलं तर भरती निघून जाते. उपसायचं आणि निघायचं." मला हे कुठल्यातरी प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य वाटलं. 'बदलाचे नेतृत्व' या विषयावरच्या एका प्रशिक्षणाला मी स्वतः तीन दिवस बसलेलो आहे. जेवण चांगलं होतं.

त्या पहिल्या शनिवारी सर गेल्यावर स्टाफरूममध्ये खरी सभा भरली. ती सुर्वे सरांच्या अध्यक्षतेखाली भरते. सुर्वे सर गणित शिकवतात, त्यांची आंब्याची कलमं आहेत, आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कुणीही बसलेलं असो, शाळा त्यांची आहे.

"गळ टाकतोय हो हा माणूस," सुर्वे सर म्हणाले. "स्वतःची एक बारीकशी चूक लावायची गळाला, आणि आपण तोंड उघडायची वाट बघत बसायचं."

"आणि उघडलं तर?" नार्वेकर मॅडमनी विचारलं.

"तर संस्थेच्या ऑफिसात तळलेले दिसाल."

ठरलं. कुणीही तोंड उघडायचं नाही.

पण सर थांबले नाहीत. पुढचा शनिवार, त्याच्या पुढचा शनिवार. कधी दोन चुका, कधी पाच. शिपायाच्या चहाला उगाच छान म्हटलं. पालकांसमोर आठवीच्या मुलीचं नाव चुकीचं घेतलं. हळूहळू आम्हाला त्यात गोडी लागली. सुर्वे सर तर आठवडाभर टेहळणी करायचे आणि सभेत हात वर करून म्हणायचे, "सर, एक राहिली. गुरुवारी तुम्ही नळ चालू ठेवून गेलात."

"खरंच. आभारी आहे," सर म्हणायचे, आणि ती चूक आपल्या चुकांत मिळवून घ्यायचे. सुर्वे सरांचा चेहरा पडायचा. जो माणूस प्रत्येक आरोप मान्य करतो त्याच्याशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

सरांना काय हवं होतं, ते दिवाळीनंतर समजलं. आमच्या शाळेत वरच्या वर्गांतली बरीच मुलं धड वाचू शकत नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर कुठेही नव्हतं. कागदावर सगळी मुलं प्रगत होती. सरांचं म्हणणं इतकंच की रोजचा पहिला तास फक्त वाचनाचा करू. इयत्ता विसरायची, ज्याला जिथपर्यंत वाचता येतं तिथून त्याला पुढे न्यायचं, आणि प्रत्येक शिक्षकाने एक गट घ्यायचा.

"पण आधी तुम्ही मला सांगायला हवं," ते म्हणाले, "की तुमच्या वर्गात कोण वाचत नाही. मी येऊन तपासणार नाही. तुम्ही सांगाल तेच धरायचं."

इथे सगळी अडचण होती. नववीतला मुलगा वाचत नाही असं सांगायचं, तर त्याला आठवीतून वर कुणी ढकलला, हा प्रश्न येतो. आणि ढकलणारा शेजारच्याच खुर्चीत डबा खात बसलेला असतो.

आम्ही विरोध केला नाही. आमच्याकडे विरोध करायची पद्धत नाही. आम्ही होकार देतो. "करूया की सर," सुर्वे सर म्हणाले. "उत्तम कल्पना," नार्वेकर मॅडम म्हणाल्या. मीही काहीतरी अनुकूल बोललो. मग परीक्षा आल्या. मग स्नेहसंमेलन आलं. मग मोहोर आला आणि सुर्वे सरांचं मन शाळेत राहीना. मग शिमगा आला. पालखी घरोघर फिरत असताना वाचनाचे गट कोण करणार?

शिमग्यानंतरच्या शनिवारी सरांनी चष्मा काढला. "या वर्षातली माझी सगळ्यात मोठी चूक. तुम्ही हो म्हणालात, ते मी खरं धरलं."

कुणीतरी हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं.

जूनपासून त्यांनी एकट्यानेच पहिला तास सुरू केला. व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचे. पाचवी-सहावीची मुलं आली, मोठी आली नाहीत. त्या शनिवारी ते म्हणाले, "व्हरांड्यात बसवलं ही चूक. येणारा-जाणारा बघतो. मिशी फुटलेला मुलगा तिथे येऊन अक्षरं लावेल का?" मग सतरंजी प्रयोगशाळेत गेली. मोठी मुलं येऊ लागली, मागच्या दाराने. आम्ही आपापल्या वर्गांत हजेरी लांबवत बसायचो आणि भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या आवाजामागून तीसेक आवाज अडखळत जाताना ऐकू यायचे. ते आवाज ऐकणं सुखाचं नव्हतं. सुर्वे सर खिडकी लावून घ्यायचे. पाऊस आत येतो म्हणायचे.

सरांची आणखी एक गोष्ट आम्हाला खटकायची. शाळा सुटली, शनिवारी सभा संपली, की ते एक मिनिट थांबत नसत. कुणाकडे बारसं असो, पूजा असो, आंबे खायला बोलावलेलं असो, सर हात जोडून म्हणायचे, "पुन्हा कधीतरी," आणि रत्नागिरीची एसटी पकडायचे. चहासुद्धा नाही. आम्ही त्याला शिष्टपणा समजायचो. "चुका सांगायला वेळ आहे," सुर्वे सर म्हणायचे, "चहाला नाही."

श्रावणात सरांची बायको गेली. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी कळवलं, मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्यांना बायको आहे एवढंही आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. आम्ही सगळे भेटायला गेलो. खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर, दोन खोल्या आणि पुढे पडवी. आतल्या खोलीत खिडकीशी एक लोखंडी खाट होती, आणि तिच्या उशाशी एक ताट आणि चमचा ठेवलेला. शेजारच्या काकू हळू आवाजात म्हणाल्या, "सहा वर्षं अंथरुणावरच होती ओ ती. काय हवं-नको तर ताट वाजवायची. दिवसा मी बघायचे. बाकी सगळं सरच करायचे, अंग पुसण्यापासून."

सुर्वे सर त्या ताटाकडे बराच वेळ बघत होते. परतताना हातखंब्याला चहा प्यायला थांबलो, तिथे सुर्वे सरांनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

बायकोचे दिवस झाल्यावर सर आले. शनिवार होता. सभेला उभे राहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या आठवड्यातल्या माझ्या चुका," म्हणाले.

आणि थांबले.

आम्ही वाट पाहिली. त्यांनी टेबलाची कड धरली. बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत होता, त्याचा आवाज येत होता. त्या दिवशी पंख्याकडे कुणी बघितलं नाही, कारण मान वर करायचं धैर्य नव्हतं. सर बसतही नव्हते आणि बोलतही नव्हते. अशी शांतता आमच्या शाळेत त्याआधी श्रद्धांजलीच्या सभेतही झाली नव्हती. तिथे कुणीतरी घड्याळ बघतोच.

"मी बोलतो," सुर्वे सर अचानक म्हणाले. ते उभे राहिले होते. "माझ्या नववीत सात जण वाचत नाहीत. गणित येत नाही असं मी सांगत असतो. तसं नाही ते. त्यांना उदाहरणच वाचता येत नाही. मला दोन वर्षं ठाऊक आहे."

मग नार्वेकर मॅडम बोलल्या. मग आणखी दोघं. मी बोललो नाही. मी पहिल्यापासून बघणाऱ्यांतला, बोलणाऱ्यांतला नव्हे.

सुर्वे सरांना त्या क्षणी शाळा सुधारायची होती, असं मला आजही वाटत नाही. त्यांना ती शांतता संपवायची होती. समोरचा माणूस सगळ्यांदेखत उभ्या-उभ्या बुडत होता, आणि सुर्वे सरांच्या हाताला जे डबडं लागलं ते त्यांनी उचललं. पण सोमवारी पहिल्या तासाला ते प्रयोगशाळेत गेले, सात जणांना घेऊन एका कोपऱ्यात बसले, आणि नंतर कधी खिडकी लावली नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. काही मुलं वाचायला लागली, काही लागली नाहीत. संस्थेच्या अध्यक्षांना दोन वर्षांनी हा उपक्रम आपल्याच प्रेरणेने सुरू झाल्याचं आठवलं आणि त्यांनी सत्कार समारंभ घेतला. फलकावर अध्यक्षांचा फोटो होता, कार्याध्यक्षांचा होता, अध्यक्षांच्या चिरंजीवांचाही होता. भाटकर सर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. पुढच्या शनिवारी म्हणाले, "अध्यक्षांच्या भाषणात मला झोप लागली. ही चूक मी पुन्हा करेन."

मग ते निवृत्त झाले. मुलगा जहाजावर, वर्षातून एकदा येतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटता-सुटता माझा फोन वाजला. "या आठवड्यातल्या माझ्या चुका," पलीकडून आवाज आला. "डाळीत मीठ दोनदा घातलं. सोमवारी किल्ली आत ठेवून कुलूप लावलं. चला, पाणी उपसून झालं." आणि फोन बंद.

मी स्टाफरूममध्ये ही गंमत सांगितली. सुर्वे सर डबा उघडत होते. "मला पण येतो," ते खाली बघत म्हणाले. "तुमच्या नंतर." नार्वेकर मॅडमना त्यांच्याही नंतर येत होता.

मागच्या महिन्यात एका शनिवारी फोन आला नाही. मी मोटरसायकल काढली. सर पडवीत बसले होते, धडधाकट.

"फोन विहिरीत पडला," ते म्हणाले. "ती एक." त्यांनी मला आत नेलं, चहा ठेवला. लोखंडी खाट तिथेच होती. खाटेपाशी एक खुर्ची होती, तिच्यात ते बसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि ठेवायला टेबल नव्हतं म्हणून हातातच धरला.

"एक जुनी राहिलीय. त्या शनिवारी सांगायची होती." ते खाटेकडे बघत होते. "मी घरी आलो की ही विचारायची, शाळेत काय झालं आज? दिवसभर छपराकडे बघून कंटाळलेली असायची. मी म्हणायचो, काही विशेष नाही. कसंय, सगळं शाळेतच सांगून यायचो, आधीच्या शाळेत त्यांना, मग तुम्हाला. घरी येईपर्यंत बोलायचा कंटाळा आलेला असायचा. सहा वर्षं रोज विचारलं तिने."

मी त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. चहा उतू गेला, त्यांनी उठून गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसले.

"आता तुमच्यापैकी कुणाची?" त्यांनी विचारलं. खोलीत मी एकटा होतो.

"सोमवारी," मी म्हटलं, "सहावीच्या एका मुलीवर मी उगाच ओरडलो."

"का?" सरांनी विचारलं, आणि चष्मा लावून खुर्ची माझ्याकडे ओढली.