एक थेंब न सांडणारा पेला

मुलुंड पूर्वेच्या शीतलधारा सहकारी गृहनिर्माण संस्थेत, फ्लॅट क्रमांक चारशे दोनमध्ये, कुमारी दिशा सुबोध राऊळ, वय वर्षे दोन, हिने मंगळवारी सकाळी स्टीलच्या फुलपात्रातलं पाणी हॉलमध्ये सांडलं. घटनेच्या वेळी आई अपूर्वा, वडील सुबोध आणि आजी सुगंधाबाई असे सर्व सज्ञान साक्षीदार जागेवर हजर होते. अपूर्वाने फडकं आणून फरशी पुसली आणि विषय संपला असं मानलं.

विषय संपला नव्हता. चारशे दोनच्या बरोबर खाली संस्थेचे सेक्रेटरी धोंडिराम पालव राहत, आणि त्यांच्या हॉलच्या छताला त्याच आठवड्यात ओल आली होती. पालवांची सगळी नोकरी विक्रोळीच्या एका कंपनीत आलेला माल तपासण्यात गेली. निवृत्तीनंतरही कुठलीही वस्तू हातात आली की ते तिला आधी नापास करत आणि मग बघत. मंगळवारी ते छताकडे बघत उभे असतानाच वरून फुलपात्र पडल्याचा टणत्कार ऐकू आला, पाठोपाठ दिशाचं हसू. कारण आणि परिणाम असे एकदम हाती लागण्याचं भाग्य चौकशी करणाऱ्याला क्वचितच मिळतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. शीतलधाराच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप पालव रोज स्वतः चालू करत आणि बंद करायला विसरत. टाकी भरून वाहू लागली की ते पाणी भिंतीतल्या पाइपातून खाली येई, आणि नाश्त्याच्या वेळी त्याचा खळखळाट पाचही मजल्यांवर ऐकू येई. तो सुरू झाला की लोक टीव्हीचा आवाज वाढवत. कोणी काही बोलत नसे, कारण जो ‘पंप’ हा शब्द उच्चारेल त्याच्याच हातात पंपाची किल्ली येणार हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. किल्लीवाल्याला सकाळी बाहेर जाता येत नाही, दुपारी झोपता येत नाही, आणि नळाला हवा आली तरी अख्खी बिल्डिंग त्याचीच बेल वाजवते. पालवांकडे ती आली होती तीसुद्धा एका सभेत ‘हल्ली पाणी जरा बारीक येतं’ एवढंच बोलल्यामुळे.

रविवारी तातडीची सभा भरली. अध्यक्ष चेतनाबेन शहा यांनी प्रास्ताविक केलं, पालवांनी छताचे फोटो फिरवले आणि ‘बालकजन्य गळती’ हा शब्द संस्थेच्या कामकाजात प्रथमच आला.

“पण काका, ती पाणी सांडते ते आम्ही पुसतो ना,” सुबोध म्हणाला. “एवढ्याशा पाण्याने तुमची स्लॅब कशी भिजेल?”

“रोज थोडं थोडं,” पालव म्हणाले. “मुरतं ते.”

“मग सकाळी भिंतीतून जो आवाज येतो...” सुबोधने सुरुवात केली आणि त्याला दिसलं, की पालवांचा हात खिशाकडे गेला आहे. खिशातून किल्लीचा लाल दोरा डोकावत होता. सुबोधला नोकरी होती, ठाण्याला वेळेत पोचायचं असे. “आवाज छान येतो,” असं म्हणून तो खाली बसला.

अपूर्वाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती इतिवृत्तात आलेली नाही. त्याच वेळी बटाटेवडे आले, आणि पाच वर्षांखालील बालकांनी घरात केवळ गळतीरोधक पेल्यातूनच जलप्राशन करावं, हा ठराव गरमागरम मंजूर झाला. असला पेला पालकांनी मनाने आणू नये, बाजारात वाटेल तसला माल येतो, म्हणून निवडीसाठी उपसमिती नेमली गेली. उपसमिती म्हणजे पालव आणि चेतनाबेन.

पालवांनी स्टेशनजवळच्या दुकानातून नमुने मागवले. दुकानदाराची अट साधी होती. जे पेले परत येतील ते उष्टे झालेले नसावेत. अट अतिशय योग्य होती, कारण उपसमितीतही दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावणारं कोणी नव्हतं. चेतनाबेन तर स्वतःच्या घरीसुद्धा पाणी वरूनच पीत. त्यामुळे पिऊन बघणे ही चाचणी सुरुवातीलाच वगळण्यात आली, आणि संस्थेच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रावर, शास्त्रशुद्ध परीक्षण सुरू झालं.

स्ट्रॉवाला पेला उलटा धरला, एक थेंब पडला. नापास. कडेने कुठूनही पिता येणारा आधुनिक पेला हलवला, दोन थेंब पडले. पालवांनी त्याला नावच विचारलं नाही. मऊ चोचीचा पेला दाबल्यावर गळला. शेवटी राहिला एक निळा पेला, दोन्ही बाजूंना हत्तीच्या कानांसारख्या मुठी असलेला. तो उलटा केला, सुलटा केला, हलवला, टेबलावरून पाडला. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत.

“याला म्हणतात माल!” पालव गहिवरले. नोकरीच्या साऱ्या काळात त्यांच्या हातून निर्दोष पास झालेली ही पहिलीच वस्तू असावी.

निकाल घ्यायला आलेल्या सुबोधने पेला तोंडाशी धरून बघितला. “काका, यातून पाणी येत नाहीये.”

“येत नाहीच! तेच तर सांगतोय.”

“पण प्यायचं कसं?”

“हे बघा राऊळ, तुम्ही विषयाला फाटे फोडू नका,” पालव म्हणाले. “आपली समस्या सांडण्याची आहे. पिण्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही.”

दिशाने पेल्याचं मनापासून स्वागत केलं. हत्तीचे कान धरून तिने चोच तोंडात घातली, ओढली, आणखी ओढली, लालबुंद झाली आणि पेला भिंतीवर फेकला. पेल्यातून थेंबही सांडला नाही. अपूर्वाने झाकण उघडून चोचीतली झडप टाचणीने टोचली, गरम पाण्यात घातली, काढून टाकायला बघितली. झडप कंपनीने आतून चिकटवलेली होती.

“अगो, ह्या कसला भांडा?” सुगंधाबाई म्हणाल्या. “पाणी आत रवता नि चेडू भायर रडता.”

“आई, जरा दम धर ना. डाग सुकला की बंद करू,” सुबोध म्हणाला.

डाग सुकला नाही. रोज सकाळी भिंत खळखळत होती आणि डाग वाढत होता, तेव्हा उपसमितीने तर्काला धरून पुढचं पाऊल टाकलं. बालिका निर्दोष पेला वापरत असूनही ओल वाढते, म्हणजे सांडणारं दुसरं कोणी आहे. सुगंधाबाईंचा हात थोडा थरथरे. नियम ज्येष्ठ नागरिकांना लागू झाला. डाग पंख्यापर्यंत पोचला, तेव्हा तो चारशे दोनमधल्या सर्व रहिवाशांना लागू झाला आणि आणखी निळे पेले आले. घरात उघडं भांडं ठेवायचं नाही. राऊळ मंडळी पाणी प्यायला जिन्यात जाऊ लागली. जिना ओला होतो, अशी वॉचमनने तक्रार दिल्यावर तेही बंद झालं.

मोठ्यांचं निभत होतं. सुबोध ऑफिसात पोटभर पाणी पिऊन येई, सुगंधाबाई मोरीत लपूनछपून तांब्या तोंडाला लावत. दिशा मात्र हट्टी होती. निळा पेला दिसला की ती तोंड फिरवी, आणि अपूर्वाने चमच्याने पाणी दिलं तर चमचा उडवून देई. हळूहळू तिने पाणी मागणंच सोडलं. ओठ सुकले, शू पिवळी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, “पोटात पाणी जात नाहीये हिच्या. हे असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल हं.” त्या रात्री अपूर्वा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. आपल्याच घरात आपल्या मुलीला पेलाभर पाणी देता येत नाही, आणि कारण काय, तर आपण सभेत गप्प बसलो, हे तिला सहन होईना.

ती मुलीला घेऊन वर्सोव्याला बहिणीकडे गेली. सुबोधने घराला कुलूप लावलं आणि आईला घेऊन तोही तिकडेच गेला. तिथे दिशाने तांब्याभर पाणी अर्धं पोटात आणि अर्धं फ्रॉकवर घेतलं, आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. चार दिवसांनी तरतरीत होऊन ती परतली, तेव्हा पालवांचा डाग खिडकीपर्यंत गेला होता.

“आता बोला! घर बंद होतं,” सुबोध म्हणाला. “कोणीच नव्हतं आत. मग कोणी सांडलं?”

पालवांनी छताचा नवा फोटो पुढे धरला. “बंद घरात इतकी ओल? म्हणजे आधीचं किती मुरलं असेल बघा.” आणि त्यांनी प्रत्यक्ष पाहणीची तारीख दिली.

पाहणीला पालव आणि चेतनाबेन सकाळी नाश्त्याच्या वेळेला आले. घरी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, ही राऊळांकडची रीत. सुगंधाबाईंनी ताटलीत खडखडे लाडू ठेवले आणि अपूर्वाने ट्रेमधून पाणी आणलं. दोन निळे पेले, हत्तीचे कान पाहुण्यांच्या बाजूला.

“हे काय?” चेतनाबेन म्हणाल्या.

“उघडं भांडं अलाऊड नाही ना, बेन. ठरावाखाली तुमचीच सही आहे.”

खडखडे लाडू नावाप्रमाणेच कडक असतात. पालवांनी सवयीप्रमाणे एकाची मजबुती दाताने तपासली, मोठा तुकडा तोडला आणि तो नेमका घशात बसला. ठसका लागला. त्यांनी पेला उचलला, मान मागे टाकली आणि वरून पाणी ओतलं. म्हणजे ओतण्याची कृती केली. पेला उलटा, तोंड उघडं, दोहोंमध्ये हवा. चेतनाबेनही स्वतःचा पेला त्यांच्या तोंडावर हलवू लागल्या. एक थेंब नाही. डोळे पांढरे व्हायची वेळ आली तेव्हा पालवांनी आयुष्यात प्रथमच चोच तोंडात घेतली आणि संस्थेच्या सेक्रेटरीला शोभणार नाही अशा आवाजात ती चोखली.

“येना नाय हो त्येच्यातसून,” सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या.

अपूर्वा आत धावली आणि दिशाचं फुलपात्र भरून घेऊन आली. पालवांनी ते दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावलं, उष्टं-बिष्टं काही न बघता. अर्धं पाणी पोटात गेलं, अर्धं शर्टवरून फरशीवर.

“आजोबांनी शांडलं!” दिशा टाळ्या पिटत म्हणाली.

कोणी काही बोलायच्या आत भिंत खळखळली. येण्याआधी पालवांनी पंप चालू केला होता. हॉलमधले सगळे आपापल्या परीने छताकडे, चपलांकडे, लाडवांकडे बघू लागले. सुबोधने टीव्हीचा रिमोट उचलला. अपूर्वाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“काका, पंप,” ती म्हणाली. “रोज तुम्ही विसरता, रोज टाकी वाहते, आणि ते पाणी तुमच्या छतात येतं. सगळ्या बिल्डिंगला माहितीये. माझी पोर तहानेने सुकली, पण कोणी एक शब्द बोललं नाही. आणि मीही नाही बोलले.”

पालवांनी तोंड पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उन्हाळ्यात बंद पडलेला पंखा फिरू लागल्यावर दिसतो तसला आनंद होता. त्यांनी खिशातून लाल दोरा ओढला आणि किल्ली लाडवांच्या ताटलीत ठेवली.

“पटलं,” ते म्हणाले. “उद्यापासून तुम्हीच बघा.”

“मंजूर!” चेतनाबेन उठता उठता म्हणाल्या. संस्थेचा एकही ठराव इतक्या झटपट आणि बटाटेवड्यांशिवाय मंजूर झालेला नव्हता.

त्यानंतर सगळं झकास झालं. अपूर्वा वेळेवर पंप बंद करू लागली, पालवांचं छत सुकलं, पाइपाचा त्यांच्या बाजूचा सांधा त्यांनी व्हाइट सिमेंटने बुजवून घेतला. दिशा फुलपात्राने पाणी पिऊ लागली, सांडू लागली, आणि सुगंधाबाई पुसू लागल्या. निळे पेले माळ्यावर गेले.

मग एका सकाळी दिशाला प्लेस्कूलला सोडायची घाई होती, फोन वाजत होता, आणि पंप राहिला. दुसऱ्या दिवशीही असंच काहीतरी झालं. मग तिसऱ्या. पाण्याला खालचा सांधा बंद मिळाला, तेव्हा त्याने वरचा धरला. रविवारी चहा पिताना अपूर्वाने मान वर केली, तर तिच्या स्वतःच्या हॉलच्या छताला ओल.

“अगं, पंप राहिला होता का?” सुबोधने विचारलं.

एवढ्यात वरून टण्ण आवाज आला, आणि पाठोपाठ लहान मुलाचं हसू. पाचशे दोनमध्ये हर्षद आणि पूर्वी हे जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. त्यांचा कृणाल दीड वर्षाचा.

“ऐकलंस ना?” अपूर्वा म्हणाली.

तिने स्टूल घेतलं, माळ्यावरून एक निळा पेला काढला, स्वच्छ धुतला, पुसला आणि वर जाऊन बेल वाजवली.

“पूर्वी, कृणालसाठी आणलंय गं. एक थेंब सांडत नाही.”

“अय्या, मस्त! पण यातून पाणी येतं ना नीट?”

“म्हणजे काय! आमची दिशा यावरच वाढली.”

वाचकांपैकी ज्यांना ही गोष्ट अतिशयोक्त वाटली असेल, त्यांनी आपल्या संस्थेच्या पुढच्या सभेत उभं राहून एवढंच विचारावं, की आपल्याकडे पंप कोण बंद करतं. फक्त उभं राहण्यापूर्वी खिशाचं बटण लावून घ्यावं. नाहीतर गप्प बसून वडा खावा, आणि वरच्या मजल्यावर लहान मूल आहे का, याची चौकशी करून ठेवावी.