भैरूमामाचं बिस्कुट

जोयड्यात आमच्या शेजारचा भैरू मेस्त्री कुणाच्याही घरी गेला की खुर्ची आधी उलटी करून बघायचा. खाली खिळा दिसला की खुर्ची होती तशी ठेवायची आणि मुकाट्यानं जमिनीवर मांडी घालायची. एकदा सुप्याच्या कचेरीत साहेब "बसा" म्हणाले, तर यानं त्यांच्यादेखत सरकारी खुर्ची पालथी घातली. "खिळं हायती," एवढंच म्हणाला आणि उभाच राहिला.

सुप्याला धरण व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. त्याला मूलबाळ नव्हतं, बायकोही लवकर गेली. माझं लहानपण त्याच्या ओट्यावर, लाकडाच्या भुशात लोळण्यात गेलं.

मामा फळ्या जोडायचा त्या बिस्कुटानं. म्हणजे दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर खाचा पाडायच्या, लाकडाची चपटी चकती सरस लावून एका खाचेत अर्धी बसवायची आणि उरलेल्या अर्ध्या चकतीवर दुसरी फळी ठोकून घ्यायची. चकती आत दडून जायची. बाहेरून सांधा बोटाला लागायचा नाही. ही युक्ती चहा पिताना सुचली, असं तो सांगायचा. "च्यात बिस्कुट फुगतंय का न्हाई? तसं सरसात हे फुगतंय, बाय. मग फळी सोडत न्हाई. जलमभर न्हाई."

ते फुगून सुकेपर्यंत मात्र त्या फळ्यांजवळ कुणी फिरकायचं नाही. मामा राखणीला बसायचा. कोंबडी हाकलायचा, शेजारी कुणी मोठ्यानं खोकलं तरी चिडायचा. आणि चिडला की त्याला कानडी सुचायचं. "साकु! साकु! पुरे की, फळ्या निजल्यात."

मला बघायला खानापूरचे पाहुणे यायचं ठरलं. आमचं किराण्याचं दुकान, घरात बसायला पोतीच जास्त. म्हणून बाबांनी मामाला सागवानी बाक करायला सांगितला. मामानं फळ्या निवडण्यातच इतका वेळ घालवला, की पाहुण्यांच्या दिवशी सकाळी बाक आला तो ओल्या सरसाचा वास घेऊनच.

"उद्यापत्तूर कुनी बसायचं न्हाई," त्यानं बजावलं आणि बाकाशेजारी उभा राहिला तो हललाच नाही.

पाहुण्यांना जाजमावर बसवलं. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील अंगानं भरलेले, गुडघे धरलेले. ते पुन्हापुन्हा बाकाकडे बघत होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेवढ्यात ते कण्हत उठले.

"बाक काय पूजेला मांडलायसा?"

"निजलाय," मामा म्हणाला.

"कोन निजलाय?"

"बाक."

मुलगा खुदकन हसला. तेच वडिलांना झोंबलं. ते रागारागानं जाऊन धप्पकन बाकावर बसले. कर्रकन आवाज झाला. एक फळी इकडे, एक तिकडे आणि मधे पाहुणे, पाय वर.

बाबा त्यांना उचलायला धावले. मामानं मात्र फळी उचलली आणि सांधा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "सांधा माझा पक्का हाय. ओला हुता. बसनाऱ्याची चूक."

पाहुणे पोह्यांना हात न लावता उठून गेले.

बाबांनी मामाशी बोलणं टाकलं. "बाकापायी पोरीचं लगीन मोडलं," आई येईल-जाईल त्याला सांगायची. मामाला कुणी छेडलं तर त्याचं एकच, "सांधा पक्का हुता." मला तो खुदकन हसणारा मुलगा आवडला होता. मी मामाच्या ओट्यावर जायचं बंद केलं.

पुढे एका दुपारी अचानक खानापूरहून निरोप आला. मुलगी पसंत आहे, तारीख काढा. आम्हाला काही उलगडेना, पण लग्न झालं. मामा मांडवात अगदी मागे उभा होता. अक्षता टाकल्या आणि गेला.

सासरी एकदा तांदूळ निवडताना सासूबाई सहज म्हणाल्या, "तुमचा तो मेस्त्री आलता की इथं, तुझं ठरायच्या आधी. कुनाचा तरी ढगळ कोट घालून. ह्यांच्या पायाला हात लावला आनि म्हनाला, सांधा माझाच कच्चा हुता. तुमची चूक न्हाई, पोरीची तर न्हाईच न्हाई."

मी सूप खाली ठेवलं.

"आता गावभर झालंय," त्या म्हणाल्या, "जोयड्याच्या मेस्त्रीचा सांधा कच्चा. हितलं कोन काम देत न्हाई त्याला."

"मामंजी काय म्हणाले?"

"ह्यांनी इचारलं, पोरगी तुमची कोन लागती? मग म्हनाला, 'कोन न्हाई. शेजारची.' आनि तोंड फिरवून कोटाच्या बाहीनं डोळं पुसाय लागला. तवा मी ह्यांना आत बोलावलं. म्हटलं, आता हीच पोरगी करायची."