भूपालअण्णांचा मधला सोफा

भूपालअण्णा माणसाचं तोंड बघत नाहीत, त्याला कशावर बसवायचं ते बघतात. कुपवाडात त्यांचा मंडपाचा धंदा आणि मी त्यांचा शेजारी. नव्या घराचे पेढे द्यायला गेलो, तर मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "मास्तर, तुमी गादीची खुर्ची. सोफा व्हणं अवघड हाय." माझी बायको अजून भांडणात हे वाक्य काढते.

अण्णा राज्यशास्त्राचे बी.ए. आहेत, तिसऱ्या खेपेला का होईना. त्यांच्या मते ती पुस्तकं उगाच जाड केलीत. स्टेजवर सोफा, खाली पुढं गादीच्या खुर्च्या, मागं लाल प्लास्टिक आणि त्यामागं बांबूला टेकून उभी जनता. संपलं राज्य! "सरकारं लय बदलली, मास्तर. सोफा त्योच. नुसतं कव्हर धुवायचं." चुकून पुढं बसलेल्याला ते दंडाला धरून उठवत. सख्ख्या मेव्हण्यालाही उठवलं, तेही त्याच्याच पोरीच्या लग्नात.

स्वतः मात्र मंडपात कधी टेकायचे नाहीत. "मांडणाऱ्यानं बसू नये. बसला की त्योबी जनता झाला."

घर जैनांचं, जेवण दिवस बुडायच्या आत. अण्णांना कामात भुकेची शुद्ध नसायची, म्हणून त्यांच्या मंडळी अक्काताई रोज मंडपावर डबा आणायच्या आणि मागं लाल खुर्चीवर वाट बघत बसायच्या. "निदान बायकोला तरी गादी द्या की," असं मी एकदा म्हटलं. "आज तिला दिली की उद्या गाव मागंल," अण्णा म्हणाले. असा राग आला होता मला!

परवा निवडणुकीची सभा होती. नेते दुपारी येणार होते, ऊन उतरलं तरी पत्ता नाही. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन करून नुकत्याच घरी आलेल्या अक्काताई काठी टेकत डबा घेऊन आल्या. एकही लाल खुर्ची रिकामी नव्हती आणि उठायला कोणी तयार नव्हतं. बाई बांबू धरून उभ्या राहिल्या. पाय लटपटत होते.

अण्णांनी ते स्टेजवरून पाहिलं. तिथूनच ओरडले, "मास्तर, या! एक बाजू धरा!"

मधला सोफा, खुद्द नेत्यांचा! मी स्टेजवर चढलो आणि धरला. कार्यकर्ते धावत आले. "अण्णा, सायबांचा सोफा हाय त्यो! पुढच्या सगळ्या सभा जातील तुमच्या!"

"जाऊ देत. सोफा माझा हाय. सायबास्नी बसाय भाड्यानं दिलाय, नावावर करून दिला न्हाई."

आम्ही तो पार मागं, बांबूपाशी नेऊन ठेवला. अक्काताईंना हाताला धरून बसवलं. तेवढ्यात गाड्या आल्या, घोषणा सुरू झाल्या. अण्णांनी वळूनही बघितलं नाही. "सरक जरा," म्हणाले आणि शेजारी बसले. डबा उघडून भाकरी मोडली आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

"आवं, लोकं बघत्यात," अक्काताई पदर सावरत म्हणाल्या.

"बघू देत. बघायलाच जमल्यात. तू जेव, दिवस बुडतोय."