थोबाड दाव, मंग बोल

गिऱ्हाईक कंपनीकडून तपासणीला आलेल्या साहेबांच्या तोंडावरचा मास्क भोईरकाकांनी दोन बोटांनी खाली ओढला, तेव्हा मी चार हात अंतरावर उभा होतो. ओढला म्हणजे हिसकावला नाही. नीट धरून हनुवटीखाली नेऊन ठेवला आणि त्या सुटाबुटातल्या माणसाला, सगळ्या डॉकला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "थोबडा दिखाव साहब, फिर बोलो."

साहेब दोन पावलं मागे सरकले. माझ्या डोक्यात मात्र जाळ झाला.

मी माणकोलीच्या एका गोदामात सेफ्टी ऑफिसर आहे. हेल्मेट, बूट, आग विझवायचे सिलिंडर, जमिनीवर मारलेले पिवळे पट्टे हे माझं खातं. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तो पदोपदी येणार आहे. मास्कचा नियम माझा होता. कपडे धुवायच्या पावडरीच्या गोण्या आमच्याकडे यायला लागल्या, त्या फुटायच्या आणि माणसं शिंकून शिंकून बेजार व्हायची. म्हणून डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात त्या धक्क्यावर, पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकानं मास्क घालायचा, असं मी ठरवलं. सगळ्यांनी कुरकुर करत का होईना, घातला. एकट्या दामोदर भोईरांनी नियमाचा कागद शेवटपर्यंत वाचला, त्याची व्यवस्थित चौघडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबली.

"थोबाड दाव, मंग बोल" हे त्यांचं पालुपद. ते डॉकवर सुपरवायझर. ट्रक लागला की ड्रायव्हर वर बसूनच खिडकीतून ओरडतो, ही सगळ्या गोदामांची रीत. काकांच्या डॉकवर ती चालायची नाही. ड्रायव्हर कुठल्याही मुलखातला असो, त्याला खाली उतरून, तोंडातला गुटखा थुंकून, काकांसमोर उभं राहून बोलावं लागायचं. फोन तर ते उचलायचेच नाहीत. "फोन म्हंजे बिनथोबाडाचा मानूस. त्याच्याशी काय बोलाचा?" काम करताना सात नंबरच्या खांबाला पाठ लावून उभे राहायचे, जेवताना भिंतीला. मागून हाक मारली तर ढिम्म हलायचे नाहीत. मी तीन वर्षं त्यांना मागून हाका मारल्या आणि तीन वर्षं माझी खात्री होती की हा जमीनवाल्यांचा माज आहे. असेल यांचं एखादं खाचर आमच्या पार्किंगखाली, म्हणून मालकासारखे वागतात, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं काय ते कधी विचारायला गेलो नाही.

वर आणखी एक भानगड. या माणसाला सगळं कळायचं. एकदा मी माझ्या काचेच्या केबिनमध्ये, दार लावून, ॲडमिनच्या शिल्पाला म्हणालो, "हा म्हातारा मला एक दिवस बीपी लावणार." बाहेर पन्नास फुटांवर उभे असलेले काका तिथूनच गरजले, "बीपी माझ्यामुलं न्हाय, रोज चार वडापाव हाणताव त्याच्यानं!" शिल्पाच्या हातातला कप हिंदकळला. ड्रायव्हर लोक तर त्यांना टरकून असायचे. आपल्या केबिनमध्ये बसून, इंजिन चालू ठेवून हळूच शिवी दिली तरी डॉकवरून तिचा सव्याज परतावा यायचा. कुणी म्हणे याला देवीचं काही आहे, कुणी म्हणे करणी येते. मला एवढंच वाटायचं की चोरून ऐकण्याची ही सवय फार वाईट.

तर मास्क ओढला त्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मीच आवाज चढवून कारणे दाखवा नोटीस मागितली. साहेबांनी ती दिली, काकांना घरी बसवलं आणि मला म्हणाले, "सोमवारी त्यांना हजर राहायला सांगा. माफी मागितली तर ठीक, नाहीतर नमस्कार. आणि नोटीस हातात देऊन सही आणा. ते फोन उचलत नाहीत."

म्हणजे माझा रविवार गेला.

माणकोलीच्या नाक्यावर ट्रेलर आडवा, पुढे खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्यात माझी स्कूटर. नारपोलीला पोचेपर्यंत मी काकांना मनातल्या मनात तीनदा कामावरून काढलं होतं. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणायचे लूम चालू होते आणि त्या खडखडाटात पत्ता विचारायला मला ओरडावं लागत होतं. एका ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या शेजारणीनं घर दाखवलं आणि न विचारता माहितीही दिली. "दामूकडं आलाव? जा. पन त्या घरात बोलनं न्हाय हां. नवरा-बायको एकमेकांशी बोलत न्हाईत. इतक्या वरसांत आवाज म्हनून आयकला न्हाय कदी."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? अशा माणसाशी बायकोसुद्धा बोलत नाही, हे ऐकून माझ्या रागाला साक्षीदार मिळाला.

दार त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी उघडलं. "या भाऊ, बसा. चाय ठेवते," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, पत्र्यावर पत्रा घासावा तसा. काका पलीकडे खाटेवर बसून लसूण सोलत होते. गोदामातला तो गरजणारा माणूस पायजमा-बनियनमध्ये लसूण सोलताना पाहून मी जरा गांगरलो.

मग हिराबाई त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. नुसते ओठ. काकांनीही ओठच हलवले, भुवई उडवली, माझ्याकडे अंगठा केला. बाईंनी कपाळावर हात मारला. काकांनी लसणाची कुडी ताटात आपटली. बाईंनी बोट नाचवत, पदर खोचत, एका दमात काहीतरी लांबलचक सुनावलं, आणि या सगळ्यात त्या घरात आवाज होता तो फक्त आधणाचा. मी घाबरलो. वाटेतल्या खडखडाटानं माझेच कान गेले की काय, म्हणून मी हळूच खुर्चीवर टिचकी मारून पाहिली. टिचकी ऐकू आली.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"भांडन," हिराबाई म्हणाल्या. "पावन्यासमोर बनियनवर बसलाय म्हनून."

चहा देताना त्यांनी सांगितलं. सांगताना त्या काकांकडे पाठ करून बसल्या होत्या. ते दोघं एकाच कारखान्यात होते. काका लूम दुरुस्त करणारे जॉबर, या सुताच्या कांड्या भरायला. चाळीस लूम एका छताखाली. तिथे ओरडून घसा फाटतो, पण शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून सगळे ओठांवर बोलतात आणि ओठांवर ऐकतात. "आमचं जमलं ते पन तसंच. लगीन ठरेपरत त्यानं माझा आवाज आयकला नव्हता. पयल्यांदा आयकला तवा घाबरला." त्या हसल्या, मग हसू पुसलं. "सत्तावीस वरसां काढली तिथं. कारखाना भंगारात गेला. तवर याचं कान पन गेलं, भाऊ. मोठा ढोल वाजला तर छातीत कलतं, बाकी काय न्हाय. तुमच्याकरं सांगितलं असतं तर नोकरी दिली असती का?"

मी कप खाली ठेवला.

त्या क्षणी मला दया आली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. पण मला आला तो राग, आणि आधीपेक्षा मोठा. तीन वर्षं एक ठार बहिरा माणूस मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टांमध्ये फिरत होता आणि सेफ्टी ऑफिसर मी! मी उठून काकांसमोर गेलो आणि ओरडलो, "तुम्हाला हॉर्न ऐकू येत नाही? मेला असता ना एखाद्या दिवशी! जबाब मला द्यावा लागला असता!"

"वरडू नका," काका शांतपणे म्हणाले. "वरडलं की व्हट वाकरं होतात, मना समजत न्हाय." मग म्हणाले, "माझ्या डॉकवर तीन वरसांत कुनाला खरचटलाय का, सांगा."

नव्हतं खरचटलं. बाकीच्या डॉकवर पायावर पॅलेट पडली होती, बोट चेमटलं होतं. काकांच्या डॉकवर काही नाही. ज्याला ऐकू येत नाही तो सारखा बघत असतो, आणि ज्यांना ऐकू येतं ते मोबाइल बघत असतात. मला सात नंबरचा खांब आठवला. मागून मारलेल्या माझ्या हाका आठवल्या. नियमाचा कागदही आठवला: एका सहीनं मी या माणसासमोरची सगळी माणसं मुकी करून टाकली होती.

"द्या," काकांनी हात पुढे केला. "नोटीस. केबिनमध्ये तुमीच मागितलाव ना? गेटवरनं काचेतनं दिसला मना."

मी नोटीस दिली. त्यांनी सही केली. परतीच्या वाटेवर मला कुणावर चिडावं तेच कळेना. कानांच्या मोबदल्यात भंगाराचा तुकडाही न देणाऱ्या त्या कारखानदारावर चिडलो, आमच्या नोकरीच्या फॉर्मवर चिडलो, आणि घरी येऊन विनाकारण पंख्याच्या बटणावर चिडलो.

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. तक्रार वरपर्यंत गेल्यामुळे मॅनेजरसाहेब आता केबिनमध्येही मास्क लावून बसत होते, दाखवण्यापुरता. मास्कमधूनच त्यांनी विचारलं, "माफी मागणार आहात का?"

काका त्यांच्या मास्ककडे बघत राहिले.

"भोईर, मी विचारतोय."

काकांच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. ते माझ्याकडे बघत नव्हते, मदत मागत नव्हते. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "हा उद्धटपणा मी चालवून घेणार नाही. शेवटचं विचारतो..."

"साहेब!" मी टेबलावर हात आपटला. "आधी थोबाड दाखवा, मग बोला!"

त्याच क्षणी मला माझी पगारवाढ जाताना स्पष्ट दिसली. साहेबांनी बहुधा धक्क्यानंच मास्क खाली केला. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू लागला.

"मना आयकू येत न्हाय, सायेब. पावन्यांची माफी मागतो. त्यांचं तोंड झाकलेलं व्हतं, काय सांगतात ते समजंना. पन नोकरी सोडत न्हाय."

पुढचे चार दिवस मी जितका भांडलो तितका लग्नाच्या वाटाघाटीतही भांडलो नव्हतो. साहेब म्हणत होते की धोका आहे. धोका होताच, आणि ते मी सेफ्टी ऑफिसर म्हणून लिहूनही दिलं. बहिऱ्या माणसाला फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं करता येणार नाही. पण डॉकच्या वर काचेची एक जुनी खोली रिकामी पडली होती. तिथून सगळे ट्रक दिसतात. काका तिथे बसतील, हातानं आणि दिव्यानं इशारे देतील. मास्क पावडरीच्या भागातच लागतील, बाकी डॉकवर नाही. माझा नियम मीच फाडला. साहेबांनी सही केली, ती मुख्यतः मी केबिनमधून जावं म्हणून.

काकांनी आभार वगैरे मानले नाहीत. "डालग्याखाली कोंबरी डालल्यागत डालला मना," म्हणून आठवडाभर माझ्यावर रागावले होते. डॉकवरची माणसं त्यांच्याहून जास्त रागावली. आता वरून सगळ्यांचेच ओठ दिसतात. गोदामात पाठ फिरवून बोलायची पद्धत पडली आहे.

परवा दुपारी पावडरीच्या भागातून तसाच मी दोन चहा घेऊन वर गेलो. काकांनी खालच्या ट्रकला दिवा दाखवला, चहा ओढून घेतला आणि खालीच बघत, काहीतरी फालतू विचारावं तसं विचारलं, "सायेब, तुमी घरी आलाव तवा हिरा तुमच्याशी आवाजात बोलली ना?"

मी मान हलवली.

"मना आवाज हालू हालू कमी येत गेला. तिचा शेवटचा कवा आयकला, ते ध्यानात न्हाय. म्हाईत असता तर नीट आयकला असता." मग माझ्याकडे वळले. "कसा हाय आता?"

मास्क तोंडावरच होता, तो बरा वाटला. त्याच्या आतच मी काहीतरी पुटपुटलो, चांगला आहे, छान आहे, असलं काहीतरी.

काकांनी चहा खाली ठेवला.

"थोबाड दावा, सायेब. मंग बोला."

मी मास्क काढला. डोळे ओले होते, ते त्यांना दिसले, त्याला माझा इलाज नव्हता. "घोगरा आहे," मी म्हणालो. "पत्र्यावर पत्रा घासावा तसा."

काका टेबलावर हात आपटून हसले. एवढ्या मोठ्यांदा हसले की खालच्या हमालांनी वर पाहिलं. "तवा पन तसाच व्हता! अगदी तसाच!"

हसणं थांबल्यावर त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या अगदी समोर येऊन बसले, आणि माझ्या ओठांवर नजर ठेवून म्हणाले, "आता सावकाश, परत एकदा सांगा."